नाव लिहून घेतात का?

भाकरी काही निवत नव्हती. सोलापूरची कडक भाकरी निवली काय अन् चार दिवसांनी खाल्ली काय, तिला कसलाच फरक पडत नाही. त्यासाठीच तर ती करतात. तरी मी त्या मुलीला म्हणाले, "आधी जेवून घे गं, सगळं निवतंय." मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका समाजमंदिराचा पत्र्याचा हॉल, दोन कुलर, त्यातला एक नुसताच आवाज करणारा. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट भिंतीतून येत होती. मुलं ताटं घेऊन ओळीत उभी होती आणि मी शेंगाचटणीच्या पातेल्यामागे वाढायला. ती ओळीत शेवटची आली. ताट पुढे केलं, पण नजर चटणीवर. म्हणाली, "बाई, एखादीची पाळी दोन महिने आली नसली, आणि ती सतरा वर्षांची असली, तर सरकारी दवाखान्यात नाव लिहून घेतात का?" मी चमचाभर चटणी वाढली. मग आणखी चमचाभर वाढली. आणि मग ते निवण्याचं वाक्य बोलले. तिनं मान हलवली, भिंतीकडेला जाऊन बसली, जेवली, ताट विसळून पालथं घातलं आणि पुन्हा काही माझ्याकडे आली नाही.

मीही तिच्याकडे गेले नाही.

तीन दिवसांचं शिबिर होतं ते. चोवीस मुलं, त्यात पंधरा मुली आणि नऊ मुलगे, सगळी पंधरा ते एकोणीसमधली. माझी एक जुनी विद्यार्थिनी छोटीशी संस्था चालवते. तिनं मला बोलावलं ते 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून, म्हणजे हजेरीवही, चहा आणि पंगत सांभाळायला. मला तेच बरं होतं. सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात २०१४ पासून गावोगावी 'साथिया' निवडतात, दोन मुलं आणि दोन मुली. त्यांनी आपल्या वयाच्यांशी बोलायचं. हे शिबिर सरकारी नव्हतं, पण कल्पना तीच. आपण मोठ्यांनी सांगितलं की पोरं माना खाली घालतात, तर पोरांचं पोरांनाच सांगू द्यावं. पुण्याहून दोन प्रशिक्षक आले होते, एक ताई आणि एक दादा. पहिल्याच सकाळी दादानं विचारलं, "नेता म्हणजे कोण?" पुण्यात या प्रश्नाला काय उत्तरं येतात मला माहीत नाही. आमच्या पोरांनी एका सुरात चार हुतात्म्यांची नावं घेतली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. येता-जाता चौकात त्यांचे पुतळे दिसतात, दुसरं काय सांगणार? दादा क्षणभर गडबडला. १२ जानेवारी १९३१ ला ज्या येरवड्यात चौघांना फाशी दिली, तिथून पाच किलोमीटरवर आपण राहतो, असं तो नंतर चहा पिताना म्हणाला. पाळी आणि निरोध यांच्याविषयी बोलायला आलेल्या माणसाला एकदम फाशीच्या तख्ताशी नेऊन उभं केलं होतं पोरांनी. पण मला ते उत्तर तितकंसं चुकलेलं वाटलं नाही. पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत आजीसमोर, काकूसमोर 'पाळी' हा शब्द मोठ्यानं उच्चारून दाखवा, मग कळेल धाडस कशाला म्हणतात.

ती मुलगी त्या तीन दिवसांत दुभाषी झाली होती. कुणी नेमलं नव्हतं, आपोआप झाली. बारावीला जाणारी, घरी आईबरोबर विड्या वळणारी, बोटांच्या टोकांना तंबाखूचा तो गोडसर उग्र वास कायमचा. मराठी शाळेत शिकलेली पण घरात तेलुगू. काही मुलींना ताईचं पुणेरी मराठी पोचत नसे, की ही मागे वळून दोन वाक्यांत तेलुगूत सांगे. मी ऐकत बसे. तेलुगू मला येत नाही, पण पस्तीस वर्षं त्या भागात शिकवल्यावर कानाला लागते. मी मूळची पंढरपूरची. १९८९ साली नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका पहिलीतल्या पोरीनं माझा पदर ओढून विचारलं होतं, "नी पेरु एंटि?" मी तिला म्हणाले, पेरू नाही गं माझ्याकडे, उद्या आणते. दुसऱ्या दिवशी खरंच आणला. स्टाफरूममध्ये आठवडाभर हसत होते. 'पेरु' म्हणजे नाव. ती माझं नाव विचारत होती. या गावात तेलुगूतलं मला सगळ्यात आधी कळलेलं ते एक, आणि सगळ्यात पक्कं बसलेलंही तेच.

दुसऱ्या दिवशी ताईनं फळ्यावर 'संमती' असं लिहिलं. ही मागे वळली आणि अडखळली. इतका वेळ गर्भाशय, बीजांड सगळं सटासट सांगणारी पोरगी 'संमती'पाशी थांबली. मग म्हणाली, "इष्टम." कन्नडवाल्या दोघीतिघींनीही माना डोलावल्या, त्यांच्याकडेही 'इष्ट' आहेच. आवड, मर्जी, इच्छा. तेवढ्यात मागून एक जण फटकन म्हणाली, "इष्टम घरच्यांचं असतंय ना, आपलं कुठलं?" हॉल हसला. ताईही हसली. पण त्या हसण्यानंतर मिनिटभर कुणी काही बोललं नाही, आणि तो बिनकामाचा कुलर केवढा मोठ्यानं वाजतो ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शब्दांचं असंच आहे. आपल्याकडे मुलीला न्हाण आलं की जुन्या बायका म्हणत, 'शहाणी झाली'. तेलुगूत म्हणतात 'पेद्दमनिषि', मोठं माणूस झाली. त्यांच्यात त्याचा कार्यक्रम करतात. हळद लावतात, नवी साडी देतात, तीळ-गुळाचे लाडू खाऊ घालतात. काहींना ते मागास वाटतं. मला मात्र पूर्वी त्याचा हेवा वाटायचा. माझ्या वाट्याला तीळ-गूळ आला नव्हता. मी अकरा वर्षांची होते, आषाढीचे दिवस, घरात वीसेक वारकरी उतरलेले. बाहेर टाळ, आत चुलीवर केवढाली पातेली, ओल्या धोतरांचा आणि बुक्क्याचा वास. आईनं मला मागच्या परसात बोलावून जुन्या लुगड्याच्या घड्या हातात दिल्या आणि म्हणाली, कुणी विचारलं तर कावळा शिवला म्हणायचं. मी आकाशात बघितलं. कावळा नव्हता. चार दिवस मी गोठ्याजवळ पोत्यावर बसून होते आणि वीस वारकऱ्यांना, पुरुषांना सुद्धा, ते का ते बरोब्बर माहीत होतं. सगळ्या घराला माहीत असलेली गोष्ट माझ्याशीच कुणी बोलत नव्हतं. शहाणी झाले म्हणे. त्या दिवसापासून मला सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी कमी होत गेल्या, वाढल्या नाहीत. मोठं माणूस होण्याचा समारंभ झालेल्या माझ्या विद्यार्थिनींचंही काही वेगळं झालं नसावं; लाडू खाऊन त्याही माझ्याइतक्याच अडाणी राहत असणार, एवढंच.

आणि मी त्यांची विज्ञानाची बाई होते.

हे लिहायला हात रेंगाळतोय, पण लिहिते. प्रजननाचा धडा शिकवायला मी जास्वंदीची फुलं आणायची. प्रत्येक बाकावर एक. ब्लेडनं उभा छेद घ्यायचा, पुमंग दाखवायचं, जायांग दाखवायचं. परागकोशाची पिवळी भुकटी बोटाला लागली की मुलं एकमेकांच्या कपाळाला लावायची. कुक्षी, कुक्षीवृंत, अंडाशय, सगळं कसं जीव ओतून शिकवलंय मी. जास्वंदीला लाज नसते. मग पान उलटलं की माणसाची आकृती यायची, आणि मी घड्याळाकडे बघून म्हणायची, "पुढचं घरी वाचा, सोपं आहे." पस्तीस वर्षं. पाठ्यपुस्तकं बदलली, अभ्यासक्रम बदलला, २००७ साली तर लैंगिक शिक्षणावरून सगळा महाराष्ट्र तापला आणि सरकारनं शाळांत ते बंदच केलं. मी त्या बंदीविरुद्ध स्टाफरूममध्ये तावातावानं बोललेय. माझ्या वर्गात मात्र ती १९८९ पासूनच लागू होती.

शिबिरात ज्याला जे विचारायचं ते निनावी चिठ्ठीवर लिहून टाकायला एक डबा ठेवला होता. शेंगाचटणीचाच रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेला, त्यामुळे सगळ्या चिठ्ठ्यांना लसणाचा वास. संध्याकाळी आम्ही त्या वाचायचो. मुलग्यांच्या चिठ्ठ्या वाचून मला रडू यायचं बाकी होतं. झोपेत होतं तो रोग आहे का. त्यानं ताकद जाते असं मागावरचे मोठे लोक म्हणतात, खरं का. मोबाइलवर दाखवतात तसं मला जमलं नाही तर. मुलींकडे निदान आयाबायांची अर्धीमुर्धी कुजबुज तरी असते. या पोरांकडे शेजारच्या मागावरचा चावट कामगार आणि फोन. एक पोरगा, दिवसभर पाहुण्यासारखा गप्प बसलेला, दादाला चहाच्या वेळी म्हणाला, "दादा, आमाला कोण काय सांगूच नाही लागलंय बे," आणि 'बे' तोंडातून गेला म्हणून जीभ चावली. मुलींच्या चिठ्ठ्यांत देवळाचं होतं, पोटदुखीचं होतं आणि लोहाच्या गोळीचंही. ती सोमवारची निळी गोळी. देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यावरचा हा आठवड्याचा उतारा. मी शाळेत वाटायची, पोरी गालात धरून बाहेर जायच्या. एकदा पावसाळ्यानंतर शाळेच्या कुंड्यांमधली माती बदलायला काढली, तर जास्वंदीच्या मुळाशी निळसर चुरा. जास्वंद मात्र भरघोस फुलायची. मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे.

शेवटच्या दिवशी डब्यात एक कोरी चिठ्ठी निघाली. चार घड्या घातलेली, आत काहीच नाही. ताईनं ती पाठपोट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. मी वास घेऊन बघितला. लसूणच होता. तंबाखू होता की नाही, सांगता येत नाही.

तिचा प्रश्न मला घरी गेल्यावर, रात्री गच्चीवर पाणी मारून झोपताना नीट कळला. पहिल्या दिवशी भिंतीवर 'मैत्री क्लिनिक'चं पोस्टर लावलं होतं. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यातली वेगळी खोली, तुमची माहिती गोपनीय राहील, अशा मजकुराचं. हिनंच ते तेलुगूत समजावलं होतं. दुसऱ्या दिवशी पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याचं सत्र झालं. अठराच्या आतल्यांच्या बाबतीत तिची मर्जी होती की नव्हती हे कायदा विचारत नाही, आणि ज्याला कळेल त्यानं पोलिसांना सांगायलाच हवं, डॉक्टरनंसुद्धा. तेही हिनंच समजावलं. दोन्ही सत्रं दोन वेगळ्या माणसांनी घेतली. ती दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहणारी हॉलमध्ये एकटी तीच होती, कारण दोन्ही तिच्या तोंडून गेली होती. गुपित राहील आणि पोलिसांना सांगतील, या दोहोंतलं खरं काय? चोवीस मुलांत एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही, आणि विचारला तो चटणी वाढणाऱ्या बाईला.

महिनाभर टाळून शेवटी मी माझ्या एका वकील विद्यार्थ्याला फोन केला. त्यानं सगळं सांगितलं. २०१२ च्या त्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ कळवायला सांगतं, कलम २१ न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दंड सांगतं. आणि त्याच कलमात पुढे लिहिलंय की हे बालकाला लागू नाही. म्हणजे मैत्रिणीचं गुपित पोटात ठेवणारी सतरा वर्षांची मुलगी कायद्यापुढे दोषी नाही. पोटात ठेवणारी साठीची बाई आहे. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला कुठं पक्कं माहीत होतं? पाळी चुकली म्हणजे काय गुन्हाच झाला असं थोडंच." समजूत घालत होता. वर्गातही तो असाच होता, दुसऱ्याचं गणित चुकलं की पुस्तकातलं उत्तर चुकीचं असेल म्हणायचा. मग त्यानं पुढचंही सांगितलं. अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भपाताला पालकांची लेखी संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलींसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत आहे. आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. कळवावं लागतं, पण नावाविना.

म्हणजे उत्तर होतं. वाकडंतिकडं होतं, पण तिनं विचारलेल्या अगदी त्याच शब्दाचं होतं. आणि हे सगळं माहीत नसतानाही मला एवढं तर म्हणता आलं असतं की दोन महिने पाळी न येण्याची दहा कारणं असतात, अंगात रक्त नसणं हेही त्यातलंच, आधी साधी लघवीची तपासणी करून घेऊ, मी येते बरोबर. पळीभर चटणी वाढायला लागतो तेवढाच वेळ लागला असता.

जुलैत तिचं प्रमाणपत्र माझ्याकडे राहिलंय हे निमित्त काढून मी कुंभारीकडच्या विडी घरकुलात गेले. मुद्दाम मागे ठेवलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, सगळी गल्ली बाहेर. ती घागरी भरत होती. आई आत, मांडीवर सूप, शेजारी भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पान कापायचं, तंबाखू घालायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार झाल्या की दिवस भरला. मान वर करून हसली, पण बोटं चालूच.

नळाच्या आवाजाचा आडोसा धरून मी म्हणाले, "तू शिबिरात मला एक विचारलं होतंस. मैत्रिणीचं."

"हां बाई. आली तिची. उशिरा आली."

घागर भरून वाहायला लागली तरी ती खालीच बघत होती. मला सुटल्यासारखं वाटलं. एकदम, पायातली चप्पल काढल्यासारखं. आता कुठं जायला नको, कुणाला कळवायला नको, कुणाची लेखी संमती नको. आणि तेवढ्यात हेही कळलं की आपण त्या पोरीसाठी नाही, आपल्यासाठी सुटलो. ती मैत्रीण कोण, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तिनं घागर उचलून कडेला घेतली आणि म्हणाली, "पण बाई, दुसरी कुणी विचारली तर काय सांगू? माझ्या गटात अकरा जणी झाल्यात आता. दर रविवारी बसतो आमी."

अकरा जणी. ही महाराष्ट्रातली मुलं, जिथं विशी-पंचविशीतल्या शंभर बायकांमागे एकवीस-बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं. तिच्या अकराजणींत ते गणित कसं बसतं, हे मी मनात करायला गेले आणि सोडून दिलं. आत जाऊन बसले. चटई तंबाखूनं करकरत होती. आईला मराठी कळतं, बोलताना मात्र ती तेलुगूच बोलते. मी तिच्यादेखतच सांगायला सुरुवात केली, कलमांचे आकडे न सांगता, जास्वंद न आणता. तपासणी कुठं करायची, पहिल्यांदा कुणाला विचारायचं, पोलिसांना काय कळवावं लागतं, नावाचं काय. मधे मधे मी अडखळत होते. पस्तीस वर्षांत हे शब्द तोंडातून काढायची सवयच केली नव्हती. मुलगी वहीत लिहून घेत होती आणि एका ठिकाणी तिनं मला थांबवून म्हटलं, "बाई, 'ते' म्हणू नका, नाव घेऊन बोला. मला सांगताना कळंना होतंय."

मी नाव घेऊन बोलले.

मग आई काहीतरी म्हणाली. सावकाश, सुपाकडे बघत. मुलीनं ऐकलं, पेन खाली ठेवलं. "अम्माला अंगावरून जातंय," ती म्हणाली, जणू पाणी किती वाजता येतं ते सांगावं तशी. "लई वर्षं झाली. मला आत्ता कळूलालंय." मी म्हणाले, सिव्हिलमध्ये दाखवू की, त्यात काय, मी येते. आईनं माझ्याकडे पाहिलं. बोटं थांबली होती. अर्धी वळलेली विडी तशीच हातात, दोरा लोंबत. तिनं एकच छोटं वाक्य विचारलं. मुलीनं भाषांतर करायला तोंड उघडलं, पण मला त्यातलं 'पेरु' तेवढं कळलं होतं.